अंतर, अंतरणे आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को

मराठी प्रवासवर्णनावरील प्रबंधांत, पुस्तकांच्या प्रस्तावनांत आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य आम्हांला वर्षानुवर्षे भेटत आले आहे : 'विज्ञानाच्या प्रगतीमुळे आज जग जवळ आले आहे.' त्याच्या पाठोपाठ येणारे दुसरे वाक्यही ठरलेले : 'त्यामुळे प्रवासवर्णनातील अपूर्वता ओसरली.' पहिले वाक्य सिद्ध करण्याची गरज कोणाला वाटत नाही आणि दुसरे त्यातून आपोआप निघते असे गृहीत धरले जाते. या दोन वाक्यांवर 'योग्य' अशी खूण आम्हीही अनेकदा केली आहे, हे प्रारंभीच कबूल करतो. परंतु मागील वर्षी घडलेल्या एका प्रसंगाने (त्याविषयी पुढे लिहू) या वाक्याकडे पुन्हा पाहणे भाग पडले. जग जवळ आले म्हणजे नेमके काय झाले? किती जवळ आले, कोणाला, आणि कोणत्या मापाने? समीक्षेत या प्रश्नांची वाटाघाट सहसा मोघम भाषेत होते. म्हणून येथे आम्ही एकच हवाई मार्ग घेतो आणि तो शक्य तितका नीट पाहतो : दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को.

पृथ्वी हा गोल आहे असे मानून या दोन विमानतळांमधील सर्वांत आखूड वाट काढली, तर ती सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणी टाचण्या टोचून मध्ये दोरा ताणला तर तो ज्या रेषेवर बसेल ती ही वाट. नकाशाच्या सपाट कागदावर आपल्याला वाटते की दिल्लीहून अमेरिकेला जायचे म्हणजे पश्चिमेस युरोपकडे किंवा पूर्वेस जपानकडे जायचे. दोरा मात्र जवळजवळ उत्तरेलाच निघतो : हिमालय, तिबेट-शिनजियांगचे पठार, सायबेरिया, आर्क्टिक महासागराची कड, अलास्का आणि मग कॅनडाच्या किनाऱ्याने खाली. प्रवासी विमानाचा सरासरी वेग ताशी आठशे किलोमीटर धरावा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवावा, की सोळा तास हे उत्तर येते. अंतर १२,४००, वेळ १६ तास. शाळेतील काळ-काम-वेगाचे उदाहरण सुटले.

गंमत अशी की या वाटेने कोणीच जात नाही. तिबेटच्या पठारावरून प्रवासी विमाने शक्यतो जात नाहीत. विमानातील हवेचा दाब अचानक गेला तर उताऱ्यांच्या डोक्यावर जे प्राणवायूचे मुखवटे लोंबतात, ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटे पुरतात. तेवढ्यात विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते, आणि तेथे तर जमीनच त्याहून उंच आहे. त्यामुळे आपण ज्याला 'अंतर' म्हणून पाठ करतो ते एका न चाललेल्या रस्त्याचे अंतर आहे. ती भूमितीतील कल्पना आहे आणि कल्पना म्हणून सुंदरही आहे. पण तिला वास्तव समजून तिच्यावर साहित्यविचार उभा करणे हे वेगळे.

प्रत्यक्षात काय होते ते पाहू. एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर २०१५मध्ये सुरू केली, तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६मध्ये ते उलट दिशेने, म्हणजे पूर्वेस पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. ही वाट १५,३०० किलोमीटरची, म्हणजे चौदाशे किलोमीटर अधिक लांब. वेळ मात्र लागला साडेचौदा तास. आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! लांबची वाट जवळची ठरली. चौथीच्या पोराने हे उत्तर लिहिले असते तर मास्तरांनी त्याला उभे केले असते.

याचे कारण वारा. मध्य अक्षांशांवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वेगवान वायुप्रवाह वाहतो. त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटर असणे नित्याचे, कधी तो तीनशेच्याही वर जातो. त्याच्या पाठीवर बसून जाणारे विमान लवकर पोचते, त्याच्या तोंडावर जाणारे रेंगाळते. या प्रवाहाच्या शोधाची कथा साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून हा उंचावरचा प्रचंड वारा मोजला. आपले निष्कर्ष जगाला कळावेत ही त्याची तळमळ होती. जपानी भाषा जग वाचणार नाही हे त्याला ठाऊक होते. म्हणून १९२६मध्ये त्याने आपला अहवाल प्रसिद्ध केला तो एस्परान्तो या 'जागतिक' भाषेत. परिणाम असा झाला की तो जवळजवळ कोणीच वाचला नाही. पुढे १९४४मध्ये जपानवर बाँब टाकायला गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांचे वैमानिक या वाऱ्यात सापडले तेव्हा चक्रावून गेले. जमिनीच्या हिशेबाने विमान कधी जागच्या जागी उभे असल्यासारखे, तर कधी अविश्वसनीय वेगाने धावणारे. ज्याची नोंद अठरा वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध होती तो वारा त्यांना नव्याने भेटला.

सर्वांना जवळ करण्यासाठी निवडलेली भाषा कोणाच्याच जवळची नव्हती. मराठी सोडून इंग्रजीत लिहावे म्हणजे जगापर्यंत पोचता येईल, असा सल्ला आपल्या विद्यार्थ्यांना आपण सहज देतो. त्या वेळी आम्हांला ओइशीचा हा अहवाल आठवतो. इंग्रजी म्हणजे एस्परान्तो नव्हे, हे मान्य. पण वाचक आणि मजकूर यांतील अंतर भाषेच्या प्रसाराने मोजता येत नाही, एवढे त्यावरून नक्कीच दिसते. असो. हे विषयांतर झाले, आणि 'विषयांतर' या शब्दातही अंतर आहेच.

वाऱ्यावर निदान माणसाची सत्ता नाही. सीमांवर आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये बालाकोटच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यापर्यंत. तेवढे महिने दिल्ली आणि युरोप एकमेकांपासून लांब गेले. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले, आणि मग महिन्यामागून महिना त्याची मुदत वाढत गेली. पश्चिमेकडे जाणारी विमाने गुजरातकडे वळून अरबी समुद्रावरून जाऊ लागली. उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला केवळ इंधनासाठी उतरावे लागले. भूगोलाच्या पुस्तकातले अंतर एका मीटरनेही बदलले नव्हते.

याहून बोलके उदाहरण हेलसिंकी–टोकियो मार्गाचे आहे. सोव्हिएत संघाचे आकाश बंद असताना युरोपातून जपानला जाणारी विमाने अलास्कातील अँकरेजला उतरून जात. फिनएअर या कंपनीने १९८३मध्ये उत्तर ध्रुवावरून फेरा घालून टोकियोला थेट विमान नेले. पुढे सायबेरियाचे आकाश खुले झाले, हा प्रवास साडेनऊ तासांवर आला, आणि फिनलंड हा आशियाचा शेजारी असल्याच्या जाहिराती झळकू लागल्या. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, युरोपीय देशांनी आणि रशियाने एकमेकांना आकाश बंद केले, आणि मार्चमध्ये विमान पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागले. वेळ, सुमारे तेरा तास. प्रवाशांना ध्रुवावरून गेल्याचे प्रमाणपत्र देण्यात येऊ लागले. चाळीस वर्षांत जग जवळ आले, आणि एका आठवड्यात परत गेले. 'जवळ आले आहे' या वाक्यातील पूर्ण वर्तमानकाळ किती भाबडा आहे ते यावरून ध्यानात यावे. जवळ येणे ही एकदा होऊन गेलेली घटना नव्हेच. ती अनेकांच्या परवानगीने रोज नव्याने चालू ठेवावी लागणारी व्यवस्था आहे.

आता आपल्या भाषेकडे येऊ. जुन्या मराठीने अंतर आणि वेळ यांची फारकत कधी केली नव्हती. 'मजल' हा शब्द अरबी 'मंझिल'वरून आलेला. वाटेतील उतरण्याचे ठिकाण आणि तेथपर्यंतचा दिवसाचा पल्ला असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. 'मजल दरमजल' म्हणताना किती कोस याचा बोध होत नाही, पण किती रात्री मध्ये पडल्या याचा होतो. अमुक गाव दोन मुक्कामांवर आहे, तमुक घर हाकेच्या अंतरावर आहे. हाक हे मापच पाहा. बोलावणाऱ्याचा गळा, ऐकणाऱ्याचा कान, आणि मुख्य म्हणजे ओ देण्याची इच्छा, एवढे सगळे त्यात मोजले जाते. कोससुद्धा सर्वत्र एकसारखा नव्हता. आधुनिक शिक्षणाने हे सर्व 'अशास्त्रीय' ठरवले, आणि किलोमीटर व तास अशा दोन स्वतंत्र रकाने असलेल्या तक्त्यात आपण राहू लागलो. विमानाने, वारा आणि सीमा यांच्या कृपेने, आपल्याला पुन्हा मजलेकडे आणून सोडले आहे, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

आणि 'अंतर' या शब्दाचे काय करायचे? दोन वस्तूंमधील मोकळी जागा म्हणजे अंतर, आणि माणसाचे आतले मनही अंतर. संस्कृताकडून हा दुहेरीपणा आपल्याला वारसाहक्काने मिळाला. पण मराठीने त्यात स्वतःची भर घातली. 'मला अंतर देऊ नकोस' असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो 'मला टाकू नकोस' असे म्हणत असतो. 'मी आईला अंतरलो' म्हणजे मी आईला मुकलो. येथे अंतर हे मोजमाप राहत नाही, ती एक कृती होते. कोणीतरी ते देतो आणि कोणाच्या तरी वाट्याला ते येते. अंतर दिले जाते, म्हणजे ते टाळताही येते, ही नैतिक जबाबदारी त्या वाक्प्रचारात दडलेली आहे. परदेशस्थांविषयीच्या मराठी कथा-कादंबऱ्यांत आई-वडील आणि मुलगा यांच्यामधील जो ताण वारंवार येतो, तो या क्रियापदाचा विस्तार आहे असे आम्हांस वाटते. समीक्षक मात्र त्याला 'मूल्यसंघर्ष', 'पिढीतील दरी' असली नावे देऊन मोकळे होतात. दरी हेही अंतरच, पण तिचे कर्तृत्व कोणाकडेच नसते. ती निसर्गतः पडलेली असते. अंतर देणारा मात्र कोणीतरी असतो.

प्रवासवर्णनाच्या परंपरेकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी घरातून निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केलेल्या 'माझा प्रवास'मध्ये वाट हाच ग्रंथ आहे. झाशी आणि ग्वाल्हेर ही नुसती स्थळे म्हणून वाचता येत नाहीत. तेथे पोचायला किती दिवस, किती भय आणि किती चाल लागली ते वाचकाच्या पायात उतरते. कावडीचे वजन तर विचारूच नये. ते पाणी घरच्यांसाठी होते. अंतर आणि अंतर न देणे या दोन्ही गोष्टी तेथे एकाच खांद्यावर आहेत.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. अठ्ठावन्न दिवस. वय अठरा. त्या अठ्ठावन्न दिवसांत त्या ना येथल्या होत्या ना तिथल्या, आणि हा मधला काळ त्यांच्या चरित्राचा भाग आहे. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीचे वाचकही तो वगळून पुढे जाऊ शकत नाहीत. आज मुंबई–न्यूयॉर्क हे साडेबारा हजार किलोमीटर थेट विमानाने पंधरा-सोळा तासांत पार होतात. एअर इंडियाची अशी सेवा २००७च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. अठ्ठावन्न दिवसांचे सोळा तास झाले, हे खरेच. पण येथे एक चूक नेहमी होते. अठ्ठावन्न दिवसांत जे होते त्याचाच लहान तुकडा सोळा तासांत असणार, असे आपण धरून चालतो. सोळा तास ही वेगळ्याच जातीची वेळ आहे. तिला स्वतःचे हवामान, स्वतःचा राजकीय नकाशा आणि स्वतःचे भय आहे. ती अजून लिहिली गेलेली नाही, एवढेच.

आमच्या वाचनातील बहुसंख्य मराठी प्रवासवर्णनांत विमानाची कथा दोन परिच्छेदांत संपते. पहिल्यात सामानाचे वजन, निरोप देणाऱ्यांची गर्दी आणि परीटघडीच्या साडीतली हवाईसुंदरी. दुसऱ्यात जेवण, आणि शाकाहारी ताटाचा झालेला घोटाळा. मग 'पाहता पाहता' लंडन आले. हे 'पाहता पाहता' आम्हांला नेहमी खटकते, कारण खिडकीची झडप बंद असते आणि कोणीच काही पाहत नसते. गंगाधर गाडगीळांनी 'साता समुद्रापलीकडे' हे शीर्षक १९५९मध्ये दिले तेव्हा भारतातून लंडनला एअर इंडियाचे विमान सुरू होऊन अकरा वर्षे झाली होती. (८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेले ते विमान कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत गेले.) तरीही शीर्षकाला समुद्रच लागला. आकाशाने अंतर सांगणारा वाक्प्रचार मराठीत त्यानंतरही रुजला नाही, हे आम्हांला योगायोगाचे वाटत नाही.

यावर आक्षेप येणार हे आम्ही जाणतो. विमानात घडत काहीच नाही, मग लिहायचे काय? बोटीवर सहप्रवासी असत, बंदरे असत, वादळे असत. या आक्षेपात तथ्य आहे. जुन्या बोटीच्या वर्णनांतली निम्मी पाने बोट लागण्याने आणि जेवणाच्या यादीने भरलेली असतात हेही, जाता जाता, नोंदवून ठेवतो. त्यांची नावे घेत नाही, काही अभ्यासक्रमात आहेत. परंतु 'काहीच घडत नाही' हे खरे नाही. जून २०२३मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एक विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मागादान येथे उतरले. दोनशेहून अधिक माणसे तेथे तात्पुरत्या निवाऱ्यात अडकली. त्यांना पुढे नेण्यासाठी दुसरे विमान पाठवावे लागले. मागादान म्हणजे कोलिमाच्या छळछावण्यांचे प्रवेशद्वार, वार्लाम शालामोव्हच्या 'कोलिमा कथा' ज्या भूमीतून आल्या ती भूमी. साहित्याच्या विद्यार्थ्याला तेथे नेऊन सोडावे आणि त्याला काही सुचू नये, हे शक्य आहे काय? एखादी आजी पुण्याहून लेकीच्या बाळंतपणाला निघाली असेल, पिशवीत डिंकाचे लाडू असतील, आणि दोन रात्री तिने मागादानला काढल्या असतील. ही आमची कल्पना आहे. पण त्या वाटेवर अशा आज्या नेहमीच असतात, ही कल्पना नाही. यावर मराठी कथा आम्ही अद्याप वाचलेली नाही.

आणखी एक गोष्ट या मार्गावर रोज घडते, आणि तिच्यासाठी बिघाडाचीही गरज नाही. मध्यरात्रीनंतर अडीचला दिल्लीहून निघालेले विमान सोळा तास पूर्वेकडे उडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरते, तेव्हा तेथे त्याच तारखेच्या सकाळचे सहा वाजलेले असतात. जाताना पॅसिफिकवरून पूर्वेस गेलेला माणूस येताना अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेसच, आला, तर त्याने नकळत पृथ्वीप्रदक्षिणा केलेली असते. ज्यूल व्हर्नच्या फिलियस फॉगला ऐंशी दिवस लागले. पूर्वेकडून फेरी केल्याने त्याच्या हिशेबात एक दिवस अधिक जमा झाला, आणि त्या एका दिवसावर अख्खी कादंबरी उलटली. त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी मॅगेलनच्या ताफ्यातील उरलेली माणसे पश्चिमेकडून फेरी करून १५२२च्या जुलैमध्ये केप व्हर्द बेटांवर पोचली. त्यांच्या रोजनिशीप्रमाणे तो बुधवार होता, किनाऱ्यावर मात्र गुरुवार. पिगाफेत्ताने ही नोंद मोठ्या आश्चर्याने केली आहे, कारण तो रोज न चुकता लिहीत आला होता. आमच्या प्रवाशाचाही एक वार असाच इकडेतिकडे होतो. तो घड्याळ जुळवतो आणि सामानाच्या पट्ट्याकडे चालू लागतो. आश्चर्य वाटण्याची त्याची क्षमता संपली असे त्यावरून म्हणता येईल. पण ते आश्चर्य त्याला कधी दाखवलेच गेले नाही असेही म्हणता येईल, आणि ते दाखवणे हे लेखकाचे काम होते. दुसरे वाक्य, म्हणजे 'त्यामुळे अपूर्वता ओसरली', आम्हांला मान्य नाही ते यासाठी. अपूर्वता विमानाने ओसरवली नाही. दोन परिच्छेदांच्या सवयीने ती झाकली.

आता तो प्रसंग. आमचे एक स्नेही गेली वीस वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ राहतात. त्यांच्या मातोश्री सांगलीस होत्या. मागील वर्षी, २०२५च्या पावसाळ्यात, एका मंगळवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास त्या गेल्या. स्नेह्यांच्या घड्याळात तेव्हा सोमवारचे सायंकाळचे पाच वाजले होते. त्यांच्या काकांनी फोन केला. जमलेल्यांपैकी प्रत्येकजण काकांना एकच प्रश्न विचारीत होता : 'तो किती तासांवर आहे?' किती किलोमीटरवर आहे, असे कोणी विचारले नाही. सांगलीच्या त्या ओसरीवर जुने माप अद्याप चालू होते.

स्नेही हिशेबाला बसले. त्याच रात्रीचे विमान मिळाले तर दिल्लीपर्यंत सोळा तास. पण तेव्हा पश्चिमेकडचे आकाश बंद होते आणि वाटेत एका युरोपीय शहरात इंधनासाठी थांबा होता, म्हणजे ते वाढणार. पुढे दिल्लीत चार-पाच तास थांबणे, पुण्यापर्यंत दोन तास, पुण्याहून सांगलीला पावसात मोटारीने पाच तास. शेवटचे अडीचशे किलोमीटर हे पहिल्या बारा हजारांच्या जवळजवळ एकतृतीयांश वेळ खाणार होते. सगळे जमून आले तर बुधवारी संध्याकाळ. तोवर बर्फ, शवागार, लांबून आलेल्या म्हाताऱ्या नातेवाइकांचे हाल. काका म्हणाले, "बाळ, तू निघ. आम्ही थांबतो." स्नेही म्हणाले, "काका, थांबू नका. धाकट्याला अग्नी द्यायला सांगा. मी येतोच आहे." त्या दिवशी दुपारी एक वाजता कृष्णाकाठी सगळे आटोपले. स्नेही तेव्हा विमानात होते. ते म्हणतात, मी आईला नक्की कोठे अंतरलो हे मला सांगता येत नाही. खाली बहुधा ग्रीनलंड असावे.

पुढे वर्षश्राद्धाचा प्रश्न आला. गुरुजींनी तिथी विचारली. सांगलीच्या सूर्योदयाने एक तिथी येत होती, कॅलिफोर्नियातील मराठी मंडळी वापरतात त्या तेथल्या पंचांगाने आदली. क्षण एकच, दिवस दोन. गुरुजींनी निर्णय दिला की आई जेथे गेली तेथली तिथी धरावी. धाकट्या भावाला तो पटला. थोरल्याने मान डोलावली, पण ते तेथे सोमवारी संध्याकाळी दिवा लावतात, हे त्यांच्या पत्नीकडून आम्हांला कळले.

या वर्षी ते भारतात आले असता आमची भेट झाली. बोलता बोलता विमानातल्या त्या रात्रीचा विषय निघाला. समोरच्या पडद्यावर गंतव्यस्थानापासूनचे अंतर दिसते, ते तेवढेच पाहत ते बसले होते. आकडा कमी होत होता. मध्येच विमान इंधनासाठी वळले तेव्हा तो काही वेळ वाढू लागला, आणि शेजारच्या अनोळखी बाईंनी, काहीही न विचारता, हात लांबवून तो पडदा बंद केला. त्या तमिळ होत्या की तेलुगू हे त्यांना आठवत नाही. पुढचे तास त्या दोघांनी एकही शब्द न बोलता काढले. उतरताना बाईंनी त्यांची पिशवी वरून काढून दिली.

आम्ही त्यांना म्हटले की हे तुम्ही लिहा. त्या रात्रीविषयीच लिहा, सांगलीविषयी आणि अमेरिकेविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. ते हसले आणि म्हणाले, "अहो, लिहिण्यासारखे काय आहे त्यात? नुसता बसून तर होतो."